मधला डेक, खिडकीची खोली आणि वहिनींचं पोट

पत्र: "मी 66 वर्षांचा, मंडळी 61. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होताहेत म्हणून मुलाने सप्टेंबरअखेरीस ग्रीसच्या बेटांची सात रात्रींची क्रूझ देऊ केली आहे. जहाज लहान, 200 प्रवाशांचं, पण आलिशान. अथेन्सजवळच्या पिरेउस बंदरातून निघायचं, सँटोरिनी, मिकोनोस अशी बेटं, मध्ये तुर्कस्तानातलं कुशादासी, आणि परत पिरेउस. मुंबईच्या एजंटाने तीन केबिन दाखवल्या: सहाव्या डेकवर अगदी पुढचा बाल्कनीचा स्वीट, पाचव्या डेकवर अगदी मागची बाल्कनीची खोली, आणि तिसऱ्या डेकवर मधली, नुसत्या खिडकीची. तो म्हणतो, 'आयुष्यात एकदाच जाताय, स्वीट घ्या.' इकडे संभाजीनगरला लेकीकडे जाताना कन्नडच्या घाटात मंडळींना दरवेळी उलटी होते. स्वीटचं नाव काढलं की म्हणते, 'मन्हं काय व्हई?' माझे गुडघे दुखतात. दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. केबिन कुठली घ्यावी? तयारी काय करावी? – नाना, चोपडा."

नाना, तिसऱ्या डेकवरची मधली खोली घ्या. एजंट दाखवतो आहे तो स्वीट त्या जहाजावरची सगळ्यात महाग खोली असेल, पण वहिनींच्या पोटासाठी त्याहून वाईट जागा त्या जहाजावर सापडायची नाही.

कारण तुम्हाला एस.टी.तून ठाऊक आहे. मागच्या बाकावरचा माणूस प्रत्येक खड्ड्याला उडतो आणि मधल्या बाकावरचा डुलकी काढतो. रस्ता तोच, गाडी तीच. जहाजाच्या त्रास देणाऱ्या हालचाली मुख्यतः दोन. नाक वर जातं आणि शेपूट खाली, मग उलट. ही झाली पहिली. ती टोकांना सगळ्यात जास्त आणि मध्यावर सगळ्यात कमी. दुसरी म्हणजे डाव्या-उजव्या कुशीवर कलणं. ते जितकं उंच जाल तितकं जास्त जाणवतं, झाडाच्या शेंड्यासारखं. तुमचा स्वीट पुढेही आहे आणि उंचही, म्हणजे दोन्ही त्रास एकाच खोलीत. एजंट सांगेल की जहाजाला स्टॅबिलायझर असतात. असतात, पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे. पण ते कुशीवर कलणं कमी करतात, नाकाच्या वर-खाली होण्यावर त्यांचा फारसा उपयोग नाही. शिवाय जहाज चालू असतानाच ते नीट काम करतात, नांगर टाकून उभं असताना त्यांचा जोर ओसरतो.

हे सगळं चार-पाच हजार प्रवाशांच्या, 300 मीटरहून लांब जहाजावर फारसं जाणवत नाही. म्हणून मोठ्या जहाजावर जाऊन आलेले शेजारी "काही होत नाही हो" म्हणाले तर त्यांचं ऐकू नका. 200 प्रवाशांचं जहाज त्याच्या निम्म्याहून लहान असतं. ते लहान बेटांच्या अगदी जवळ जातं हे त्याचं सुख, आणि लाट त्याला हलवते हे त्याचं दुःख.

ऋतू मात्र बरा निवडलात. एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो. त्याचा जोर जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त असतो आणि सप्टेंबर सरताना उतरतो. तारीख पुढे-मागे करायची वेळ आली तर ऑक्टोबरकडे सरका, ऑगस्टकडे नको.

आता आवाज. लहान जहाज बऱ्याच बेटांवर धक्क्याला लागत नाही, बाहेर नांगर टाकतं. नांगराची साखळी नाकातून सुटते, तीही सकाळी सहा-सातला. पुढच्या खोल्यांत ती घरावर कोणी खडीचा ट्रक रिकामा करावा तशी ऐकू येते. नाकाजवळ पाण्याखाली थ्रस्टर असतात, धक्क्याला लागताना जहाज आडवं सरकवणारे पंखे. त्यांची घरघर पुढच्या खालच्या खोल्यांना जास्त. मागच्या टोकाला इंजिन आणि पंख्याची थरथर असते, त्यात पाण्याचा ग्लास टेबलावर किणकिणत राहतो. एजंटाची दुसरी खोली तिथे आहे. मागच्या बाल्कनीतून दिसणारा पाण्याचा फेसाळ पट्टा सुंदर असतो, कबूल. झोप आणि पोट दोन्ही घट्ट असलेल्या माणसाने ती जरूर घ्यावी.

पण मधली खोली म्हणजे आपोआप चांगली असंही नाही. एजंटाकडून डेक प्लॅन मागवा, सगळ्या मजल्यांचा, मोबाईलवरचा धूसर फोटो नको. प्रिंट काढा आणि तुमच्या खोलीच्या नेमकं वर आणि नेमकं खाली काय येतं ते पट्टीने मापून बघा. वर-खाली खोल्याच असतील तर उत्तम. वर जेवणाचा हॉल असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्या जातील. वर पोहण्याच्या तलावाचा डेक असेल तर सकाळी सहाला आरामखुर्च्या मांडतील. खाली किंवा शेजारी बार-लाउंज असेल तर रात्री बारापर्यंत गाणी. प्लॅनवर काही चौकोन नुसते पांढरे, बिननावाचे असतात. ते रिकामे नसतात. तिथे कर्मचाऱ्यांचे जिने, चादरींची कोठारं, स्वयंपाकघराच्या मागच्या बाजू असतात, म्हणजे रात्रंदिवस दार आपटणार आणि ढकलगाड्या फिरणार. अशा चौकोनाला भिंत लागून असलेली खोली टाळा. दोन खोल्यांच्या मध्ये दार दाखवलं असेल तर तीही टाळा, पलीकडच्याचा खोकलासुद्धा ऐकू येतो. लिफ्टपासून तीन-चार दारं दूर असावं. गुडघ्यांसाठी जवळ, आवाजासाठी लांब. लहान जहाजावर लिफ्ट बहुधा एकच किंवा दोन असतात आणि जिने अरुंद आणि उभे, म्हणून तुमच्यासाठी हे अंतर महत्त्वाचं.

खिडकीबद्दल दोन प्रश्न लेखी विचारा. एक, बाहेरून चालायची वाट जाते का? जात असेल तर पडदा उघडताच कोणीतरी आत डोकावेल. दोन, समोर जीवरक्षक नाव टांगलेली आहे का? असेल तर तुमच्या खिडकीत एजियन समुद्राऐवजी नारिंगी रंग दिसेल. तिसऱ्या डेकवरची खिडकी उघडणारी नसते, आणि काही जहाजांवर समुद्र खवळला की खालच्या गोल खिडक्यांवर लोखंडी झाकण लावतात. घाबरायचं कारण नाही, तो नेहमीचा रिवाज आहे.

बाल्कनीचा मोह तरी सुटत नसेल तर हिशेब करा. तुमचं जहाज रोज एका बंदरात. सकाळी आठच्या सुमारास पोचणार, संध्याकाळी निघणार, अंतर रात्री कापणार. दिवसा तुम्ही बेटावर, रात्री झोपेत. बाल्कनीत बसायला सूर्यास्ताचा एक तास मिळेल, आणि तेव्हा वरच्या उघड्या डेकवर 200 माणसांत हवी ती खुर्ची मोकळी असते. नॉर्वे किंवा अलास्कासारखा प्रवास, जिथे दिवसभर डोंगर शेजारून सरकतात, तिथे बाल्कनीचे पैसे वसूल होतात. इथे नाही. एकच बाजू तिच्याकडून बोलते: मळमळलं की दोन पावलांवर मोकळी हवा. मुलाला पैसे खर्चायचेच असतील तर एजंटाला चौथा पर्याय विचारा, चौथ्या किंवा पाचव्या डेकवरची बाल्कनीची खोली, पण मधल्या जिन्याच्या आसपासची. मिळाली तर ती घ्या.

एक सापळा सांगून ठेवतो. 'गॅरंटी केबिन' म्हणून स्वस्तात देतात. त्यात वर्ग पक्का, खोलीचा नंबर नाही. उरलेली खोली तुमच्या गळ्यात पडते, आणि उरतात त्या टोकाच्या खोल्या. तुम्हाला नंबर छापलेली पावतीच हवी. त्याच ईमेलमध्ये पलंग जोडलेले हवेत की वेगळे, आणि न्हाणीघरात टब नको, शॉवर हवा, हेही लिहा. टबच्या उंच काठावरून पाय टाकणं हा गुडघ्याचा शत्रू, तेही हलत्या जमिनीवर. न्हाणीघराच्या दाराला तसाही उंबरा असतो, रात्री अंधारात ठेच लागते. छोटा रात्रीचा दिवा न्या.

वहिनींच्या पोटाचं बोलू. उलटी सुरू झाल्यावर गोळी घेऊन उपयोग नाही, ती आधी घ्यायची असते. आपल्याकडे प्रवासासाठी प्रोमेथाझिन, सिनारिझिन, मेक्लिझिन यांच्या गोळ्या मिळतात. तिन्हींनी कमी-जास्त गुंगी येते. काचबिंदू असेल किंवा दुसरी औषधं चालू असतील तर यांतल्या काही गोळ्या चालत नाहीत, म्हणून गोळी आणि डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. आणि पहिली गोळी जहाजावर घेऊ नका. संभाजीनगरची पुढची खेप येईल तेव्हा कन्नड घाटाआधी घेऊन बघा. उलटी थांबली का, गुंगी किती आली, तोंड किती कोरडं पडलं, सगळं तिथेच कळेल. यापेक्षा चांगली चाचणी पैसे देऊन मिळायची नाही.

जहाजावर पोट रिकामं ठेवू नका. उलटीच्या भीतीने उपाशी राहणं ही सगळ्यात मोठी चूक. कोरडी पोळी, बिस्किट, आल्याचा तुकडा चालेल. डोळे क्षितिजावर, मोबाईल खिशात. बंद खोलीत आडवं पडून मोबाईल बघणं म्हणजे उलटीला आमंत्रण. कानाला जाणवतं हलणं आणि डोळ्यांना दिसते स्थिर भिंत, त्या भांडणातूनच मळमळ येते. जेवताना खिडकीजवळचं, हॉलच्या मध्यभागाकडचं टेबल मागा.

तुमच्या गुडघ्यांची परीक्षा टेंडरमध्ये होईल. टेंडर म्हणजे जहाज बाहेर उभं करून प्रवाशांना किनाऱ्यावर नेणारी छोटी नाव. खाली उतरायचं, हलत्या फळीवरून नावेत पाऊल टाकायचं. खलाशी दोन्ही बाजूंनी दंड धरतात. तेव्हा आपण त्यांचा हात धरायचा नाही, त्यांना आपला दंड धरू द्यायचा. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून पाठीवरची पिशवी. कार्यक्रमपत्रिकेत कुठल्या बंदरासमोर टेंडर लिहिलंय ते आधीच पाहा. सँटोरिनीला तर नक्की. तिथे नाव जुन्या बंदराला लागते आणि फिरा गाव कड्यावर आहे. वर जायला केबल कार, खेचर किंवा जवळपास 600 पायऱ्या. तुम्ही फक्त केबल कार. उतरतानाही तीच. उतार सोपा वाटतो, पण दुखऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतारच मारतो, आणि त्या पायऱ्यांवर खेचरांची लीद असते. दुपारी केबल कारची रांग फार लांबते, तेव्हा पहिल्या टेंडरने जा आणि जेवायच्या वेळेपर्यंत परता. कुशादासीहून एफिसस या प्राचीन शहराचे अवशेष बघायला नेतील. तिथे वरच्या दारातून आत शिरून उताराने खाली येतात, संगमरवर घासून गुळगुळीत झालाय. काठी न्या, नेहमी वापरत नसलात तरी. बूट रबरी तळाचे, आणि आतापासून घालून रुळलेले.

वारा जास्त असेल तर कप्तान एखादं बेट वगळू शकतो. त्याबद्दल भाड्यातले पैसे मिळत नाहीत, फार तर बंदराचा कर परत येतो. ते करारात लिहिलेलं असतं, तिथे भांडून उपयोग नाही.

आता व्हिसा, आणि इथे जरा कान देऊन वाचा. तुम्ही ग्रीसमध्ये शिराल, कुशादासीला जाल म्हणजे शेंगेन क्षेत्राबाहेर (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांबाहेर) पडाल, आणि परत ग्रीसमध्ये याल. एका प्रवेशाचा शेंगेन व्हिसा मिळाला तर दुसऱ्यांदा आत येता येणार नाही, आणि जहाज तुम्हाला पिरेउसलाच चढू देणार नाही. अर्जात 'मल्टिपल एंट्री'वर खूण करा आणि सोबत जहाजाचा मार्ग जोडा, ज्यात तुर्कस्तानचा दिवस ठळक दिसेल. पासपोर्ट हातात आला की स्टिकरवर प्रवेशांची संख्या लगेच वाचा. तिथे 'MULT' (मल्ट) छापलेलं हवं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निकाल साधारण 15 दिवसांत, पण 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो, आणि गर्दीच्या दिवसांत व्हिसा केंद्रात भेटीची वेळच मिळत नाही. जूनमध्ये उरकून टाका. बोटांचे ठसे द्यायला दोघांना जातीने जावं लागेल. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा सक्तीचा आहे, पण तुमच्या वयाला तेवढ्यावर भागवू नका. जहाजावर डॉक्टर असतो, त्याचं बिल वेगळं आणि भारी, आणि गंभीर आजारात प्रवाशाला किनाऱ्यावर हलवावं लागतं. विम्यात असं हलवण्याचा खर्च आणि आधीपासूनचे आजार दोन्ही धरलेत का, ते पॉलिसीत वाचा. बीपी-शुगर असेल तर लपवू नका, दावा तिथेच अडतो.

तुर्कस्तानसाठी वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. दिवसभरासाठी तो लागेल का, हे जहाज कंपनीकडून लेखी घ्या. पासपोर्टला परतीनंतर निदान सहा महिने मुदत उरलेली असावी आणि दोन पानं कोरी.

जेवणाचं साठ दिवस आधी लेखी कळवा. लहान जहाजाचं स्वयंपाकघर निघण्याच्या बंदरातच सामान भरून घेतं, आयत्या वेळी सांगितलं तर सात दिवस सॅलड खाल. नुसतं 'शाकाहारी' लिहू नका, त्यांच्या शाकाहारात अंडं बसतं आणि सूपाचा आधार कोंबडीचं पाणी असू शकतं. मांस, मासे, अंडं, हाडांचं किंवा माशांचं सूप, जिलेटिन, एकेक नाव घेऊन 'नको' लिहा. पहिल्या संध्याकाळी मुख्य वाढप्याला तोच कागद पुन्हा दाखवा. बेटांवर काळजी नको. सँटोरिनीचा 'फावा' म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कांदा आणि ऑलिव्हचं तेल. 'मेलित्झानोसालाता' म्हणजे भाजलेल्या वांग्याचं भरीत. त्याला आपल्या लेवा भरिताची सर नाही, पण परमुलखात ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटेल.

घरून काय न्यायचं? युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा तूप, पेढे, खव्याची बर्फी नको. शेंगदाण्याची चटणी, खाकरे, कोरडी शेव चालेल. ताज्या फळांना बहुतेक सगळ्या बाबतीत रोगमुक्तीचा दाखला लागतो, फक्त पाच फळांना सूट आहे: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. जळगावकरांनी एवढी फुशारकी मारायला हरकत नाही. बॅगेत लगदा होईल, ते निराळं. इस्त्री, किटली, पाणी तापवायचा रॉड जहाजावर चढताना काढून घेतात. न्हाणीघरात जेट नसतो, प्लॅस्टिकचा मग न्या. तिथला संडास हवेच्या दाबाने ओढणारा, त्यात कागदाशिवाय काही टाकू नका, नाहीतर शेजारच्या खोल्यांचेही तुंबतात.

कपड्यांचं लोक उगाच ओझं करतात. संध्याकाळी पुरुषांना पूर्ण पँट आणि कॉलरचा शर्ट, एखाद्या रात्रीसाठी बंदगळा. वहिनींना हलक्या रेशमाच्या दोन साड्या पुरतात. पैठणीचा काठ जिन्यावर पायात येतो, ती घरीच बरी. डेकवर वारा असतो, दोघांना एकेक स्वेटर. बॅग मऊ असावी, रिकामी झाली की पलंगाखाली जाते.

चोपड्याहून जळगाव किंवा भुसावळ, तिथून मुंबई. सप्टेंबरात पाऊस असतो आणि कसाऱ्याला गाडी अडकते, म्हणून मुंबईत एक रात्र धरा. अथेन्सलाही जहाजाच्या आदल्या दिवशी पोचा. बॅग मागे राहिली तर ती यायला तो दिवस लागतो, आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. सप्टेंबरात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. रोजची औषधं दुप्पट दिवसांची, मूळ पाकिटात, औषधाचं मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत.

'सगळं धरून' भाडं असलं तरी काय धरलंय ते वाचा. टिप्स आणि पेयं बहुधा धरलेली असतात, किनाऱ्यावरच्या सहली क्वचित. 2025 पासून ग्रीस क्रूझच्या प्रवाशांकडून बंदरागणिक शुल्क घेतं, सँटोरिनी-मिकोनोसला सगळ्यात जास्त. ते भाड्यात आहे का विचारा. एजंट भाड्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल केला जाणारा आयकर, घेईल, तो गेलेला खर्च नव्हे. ज्याच्या पॅनवर घेतला त्याच्या विवरणपत्रात वळता होतो, म्हणून पैसे मुलाच्या खात्यातून जाणार असतील तर पॅनही मुलाचाच द्या. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू करून ठेवा.

आणि फोन. जहाज किनारा सोडताच मोबाईल जहाजावरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो. तुम्ही घेतलेल्या नेहमीच्या परदेशी रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा नसतं आणि एका व्हिडिओ कॉलचं बिल हजारोंत जातं. जहाजावर पाय ठेवताच फ्लाइट मोड, मग फक्त वाय-फाय.

शेवटच्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात, त्या पहाटे परस्पर धक्क्यावर जातात. सकाळचे कपडे, बूट, औषधं, पासपोर्ट आणि वहिनींचा चष्मा आधी बाजूला काढून ठेवा, मगच चेन लावा.